वडील राहत नसल्याची खात्री

साहेब, माझे वडील हृदय बंद पडून गेले. त्यात तुमचा हात नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव भांड्यात पडलेला असेल. पण गेल्यानंतर त्यांना घरातून बाहेर काढलं ते तुमच्या पाणी खात्याने. शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून, अगदी रीतसर. मी तुम्हाला नावानिशी लिहिलं असतं, पण तुमच्या दारावरच्या नावाच्या पाटीवर कोणीतरी कॅलेंडर टांगलंय, आणि शिपायाला नाव विचारलं तर तो म्हणाला, "नुसतं साहेब लिहा, पोचतं." तेव्हा साहेब. पोचलं तर बघा.

गोष्ट एवढीशी होती. आमच्या नळाचं बिल बाबांच्या नावाने येत होतं.

बाकी सगळ्या जगाने त्यांच्या जाण्याची नोंद फार तत्परतेने घेतली. ज्या बँकेला जिवंतपणी त्यांची सही कधी ओळखू आली नाही, तिला त्यांचं मरण लगेच ओळखू आलं. पेन्शन थांबली. चित्रकला शिक्षकांच्या संघटनेचं मासिक थांबलं. दातांच्या डॉक्टरकडून 'आपली कवळी तपासून घ्या' असं पत्र यायचं, तेही थांबलं. त्याला कोणी कळवलं देव जाणे. राहिलं ते तुमचं खातं. तुमचं पाकीट दाराखालून सरकायचं, आई ते उचलायची, हाताने पुसायची, वरचं नाव ओठ हलवत वाचायची आणि आत नेऊन बाबांच्या टेबलावर त्यांच्या चष्म्याखाली ठेवायची.

हे मी बघितलं आणि ठरवलं की आईला त्रास होतोय. मी घरातला एकुलता एक मुलगा. एकुलत्या एका मुलाने असं काही ठरवलं की घरातल्यांनी बाजूला व्हायचं असतं. बायकोने एकदाच विचारलं, "आईंना विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंय ना."

"तरी विचारा."

"बघतो," मी म्हणालो, आणि ऑफिसला दांडी मारून तुमच्या कचेरीत आलो.

तुमच्या खिडकीची काच मी आता झोपेतही ओळखीन. तिला बोलण्यासाठी जे भोक पाडलंय ते अशा उंचीवर आहे की उंच माणसाला वाकावं लागतं आणि बुटक्याला टाचा उंचावाव्या लागतात. अपमान सगळ्यांचा सारखा व्हावा ही दृष्टी त्यामागे असणार. आत एक कारकून बसतो. तो बोलताना मान वर करत नाही, त्यामुळे त्याचा भांग मला पाठ आहे, चेहरा नाही.

"नाव बदलायचंय," मी वाकून म्हणालो. "वडील वारले. आईचं लावायचंय."

"मूळ मंजुरीचा कागद आणा."

"तो तुम्हीच दिला होतात ना? तुमच्याकडे असेलच."

"दिला म्हणताय, मग आमच्याकडे कसा असेल?"

"आणि मूळ ग्राहकाची संमती," भांग म्हणाला.

"मूळ ग्राहक म्हणजे वडीलच."

"हो. त्यांचीच."

"अहो, ते वारले."

"त्याचा दाखला वेगळा जोडायचा. ही संमती."

"वारलेला माणूस संमती कशी देणार?"

"म्हणूनच आधी घेऊन ठेवायची असते," तो म्हणाला, आणि अशा सुरात म्हणाला की जणू मी गॅस चालू ठेवून गावाला निघून गेलोय. मागच्या रांगेतला एक गृहस्थ च्‌ च्‌ करून माझ्याकडे बघत राहिला. असा मुलगा पोटी येऊ नये, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

तर मंजुरीचा कागद. तो बाबांच्या लोखंडी कपाटात असणार, एवढं नक्की होतं, कारण बाबा कागद टाकत नसत. शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तरला घरी-दारी कोणी फारसं विचारत नाही. साहजिकच कचेऱ्यांतली सगळी कामं त्यांच्याकडे यायची. नळाचं, घरपट्टीचं, माझ्या दाखल्यांचं, ताईच्या पासाचं. ते निमूट जायचे, निमूट उभे राहायचे, आणि परत येऊन आईला त्या दिवशीचा माणूस करून दाखवायचे. तो कसा खोकला, कसा डुलला, दोन चष्मे कसे आलटून पालटून घालत होता. स्वयंपाकघरातून आईच्या हसण्याचा आवाज यायचा आणि आम्ही मुलं अभ्यास सोडून ऐकायचो.

कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याच्या फायली, एकीला एक चिकटून. त्यांवर मला वाटलं होतं तसं 'पाणी', 'घर', 'वीज' असलं काहीच नव्हतं. बाबांनी प्रत्येक फायलीवर ब्रशने टपोरं नाव घातलं होतं: 'खोकला'. 'उद्या या'. 'दोन चष्मे'. 'गोड बोलणारी'. 'डुलकी'. आणि नावाखाली चार रेषांत त्या त्या माणसाचं चित्र. ज्या खिडकीत ज्या माणसाने छळलं, त्याच्या नावाने फाईल. नावं कोणी सांगत नाही, टेबलं बदलत राहतात, खात्यांची नावं सरकारं बदलतात; पण छळलेलं माणूस विसरत नाही. या पद्धतीत त्यांनी चाळीस वर्षांत एकही कागद हरवला नव्हता.

आई दारात येऊन उभी राहिली. 'डुलकी'च्या फायलीवर एक गोल माणूस टेबलावर हनुवटी टेकून झोपला होता आणि त्याच्या नाकाच्या फुग्यातून एक शिक्का बाहेर येत होता. ते बघून आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिने 'गोड बोलणारी' पुढे ओढली. "हिने ह्यांना चार महिने फिरवलं. रोज म्हणायची, काका, तुमचंच काम हातात घेतलंय. हातात विणकाम असायचं."

एक फाईल होती 'बघतो'. चित्रात एक तरुण, कान खाजवतोय. मी म्हणालो, "हा कुठल्या खात्यातला?"

मी फाईल उघडली. माझी शाळेची प्रगतिपुस्तकं, माझ्या वाहन परवान्याच्या रद्द झालेल्या तारखेचा कागद, माझ्या लग्नाच्या नोंदणीचा अर्ज.

"काहीही सांगितलं की म्हणायचास ना," आई म्हणाली. "राग नव्हता रे त्यांना. पण फायलीला नाव तर द्यावं लागतं."

साहेब, माझ्या मानाचं मी काय सांगू. तुमच्या खात्यातल्या झोपाळू कारकुनाच्या शेजारी, त्याच कप्प्यात, मी होतो.

कदाचित म्हणूनच पुढे मेहुण्यांनी जे केलं त्याला मी नको म्हणालो नाही. मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, एका गोदामात व्यवस्था बघतात. कुठलीही गोष्ट विस्कळीत दिसली की त्यांना जेवण जात नाही. ते रविवारी रंगीत फायली, चिकटपट्ट्या आणि एक भलंमोठं पंच मशीन घेऊन आले. त्यांच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क आले, न बोलावता. ते बाबांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "विषयवार. मग तारीखवार. मग आवक आणि जावक."

"त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे," आई म्हणाली.

"चालतं वहिनी, मी पस्तीस वर्षं अशाच खुर्चीवर काढली."

सगळे कागद जमिनीवर ओतले. दुपारपर्यंत स्टोव्ह दुरुस्तीची पावती 'घर'मध्ये जावी की 'इंधन'मध्ये, यावर हेडक्लार्क आणि मेहुण्यांचं वाजलं. मेहुणे म्हणाले, स्टोव्ह ही वस्तू आहे. हेडक्लार्क म्हणाले, वस्तू असली तरी तिचा हेतू बघावा लागतो. शेवटी 'संकीर्ण' अशी एक फाईल काढून पावती तिच्यात टाकली, आणि तो मार्ग एकदा सापडल्यावर कोणाचं कोणाशी भांडण उरलं नाही. संध्याकाळी निळ्या, हिरव्या, पिवळ्या फायली वाळलेल्या पापुद्र्यासारख्या सपाट होत्या आणि 'संकीर्ण' इतकी फुगली होती की तिला कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधावं लागलं.

मधे कधीतरी आई म्हणाली होती, "पाण्याचं हवंय ना? ते 'खोकल्या'त असेल." मेहुणे म्हणाले, "आई, आता तसं काही राहिलेलं नाही." आणि खरंच राहिलेलं नव्हतं. जुने पुठ्ठे त्यांनी जिन्याखाली नीट गठ्ठा करून ठेवले होते. सोमवारी सकाळी रद्दीवाला आला तेव्हा "हे न्यायचं का?" म्हणून त्याने मला विचारलं. मी दाढी करत होतो. "ने," म्हणालो.

मंजुरीचा कागद पुढच्या आठवड्यात 'संकीर्ण'मध्ये सापडला. मेहुण्यांनी त्याला पंच केलं होतं, आणि मेहुण्यांचं काम कधी अर्धवट नसतं. भोक बरोबर शिक्क्याच्या मधोमध पडलं होतं.

भांग कागद उजेडाकडे धरून म्हणाला, "शिक्क्यातून पलीकडचं दिसतंय."

"चुकून पंच झालं."

"कोणी केलं?"

"मेहुण्यांनी."

"मग त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. भोकाचं."

हेडक्लार्कांनी त्याचा मसुदा मोठ्या हौसेने करून दिला: 'सदर भोक मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता पाडले असून त्यामागे पाणी खात्याची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता.' मेहुण्यांनी सही केली, पण तीन वेळा वाचून केली, आणि ताईला घरी म्हणाले की तुझ्या माहेरच्या माणसांनी माझं नाव सरकारदरबारी भोक पाडणारा म्हणून लावलं. ताईचा मला फोन. मी काय सांगणार. भोक त्यांनी पाडलं होतं हे तर खरंच होतं.

राहिली संमती. त्यावर तुमच्या कचेरीनेच तोडगा काढला, त्याबद्दल आभार. मूळ ग्राहक संमती देऊ शकत नसेल तर 'सदर मयत व्यक्ती सदर जागेत राहत नसल्याची खात्री' तुमच्या तपासनिसाने प्रत्यक्ष घरी येऊन करायची. मी म्हणालो, मयत आहे म्हणजे राहत नाही, यात खात्री कसली? भांग म्हणाला, "लोक काहीही करतात हो."

तपासनीस आला तो सभ्य माणूस निघाला. दाराशी बूट काढले, ते बाबांच्या चपलांच्या शेजारी ठेवले. चपला पुसलेल्या होत्या. आई रोज पुसायची. आत आला, टेबलाकडे बघितलं: चष्मा, चष्म्याखाली तुमचीच पाकिटं, आणि पेल्यात पाणी घालून उभे केलेले ब्रश. त्याने एका ब्रशला बोट लावलं. "ओला आहे," म्हणाला.

"आई बदलते पाणी," मी म्हणालो. "नाहीतर केस कडक होतात म्हणते."

त्याने आईकडे वळून, अगदी हळू आवाजात, कागदावरचा प्रश्न वाचला. "बाई, हे इथे राहतात का?"

"राहतात ना," आई म्हणाली. "बसा, चहा टाकते."

त्याने लिहून घेतलं. मी म्हणालो, "अहो, आईचं काय घेऊन बसलात? दाखला जोडलाय मी."

"दाखला तुमच्या अर्जाला आहे. मला समोर दिसतं ते लिहायचं असतं." त्याने लिहिलं होतं: 'सदर व्यक्ती राहत असल्याचे समजते.' चहा घेऊन, आईला नमस्कार करून तो गेला. पंधरा दिवसांनी अर्ज फेटाळल्याचं आलं.

मी आईवर चिडलो. इथे लपवत नाही. "असं कसं सांगितलंस तू?"

"मग काय सांगायचं? राहत नाहीत म्हणून? परक्या माणसाला?"

"अगं, कागदाचं काम होतं ते."

"हो ना," आई म्हणाली, "म्हणूनच. कागदावर चढलं असतं."

मला वाटलं, वयामुळे होतंय. हेडक्लार्कांनाही तेच वाटलं. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, दुसऱ्या पाहणीला वहिनींना लेकीकडे पाठव. आणि पुरावे हलव."

"पुरावे?"

"चपला, चष्मा वगैरे."

मी पाठवलं आणि मी हलवले. आईला सांगितलं ताईला बरं नाही. ताईला सांगितलं आईला करमत नाही. दोघी एकमेकींची काळजी करत दिवसभर एका घरात बसल्या. इकडे मी चपला पिशवीत घातल्या, पिशवी माळ्यावर टाकली. चष्मा खणात. पाकिटं खणात. ब्रशच्या पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. ते किंचित निळं होतं, अजून. खुर्ची बायकोने उचलू लागावी म्हणून मी हाक मारली, तर ती आली नाही. मी एकट्यानेच उचलली. मग मागे सरून खोलीकडे बघितलं. साहेब, माझी खात्री पटली.

तपासनीस तोच होता. त्याने या वेळी काही विचारलं नाही, कशाला बोट लावलं नाही. लिहिलं, सही घेतली. निघताना बूट घालायला वाकला आणि तसाच थांबला. फरशीवर चपलांच्या जागी दोन फिकट ठसे उरले होते, वर्षानुवर्षं एकाच जागी काढल्याचे. त्याने आपले बूट उचलले आणि बाहेर जिन्यात जाऊन घातले.

संध्याकाळी आई परत आली. दाराशी थबकली. आपल्या चपला तिने नेहमीच्या जागी काढल्या, शेजारची जागा सोडून.

"काम झालं," मी म्हणालो. "सामान उद्या परत लावतो. आता तुझ्या नावाने बिल येईल बघ."

"माझ्या?"

"हो. त्यांचं नाव आता येणार नाही. त्रास नको तुला."

ती आत गेली. मला वाटलं, तिला बरं वाटलं. माणसाने किती ठार आंधळं असावं याला काही मर्यादा घालून दिलेली नाही. तुमच्या खात्याने तेवढा एक नियम करावा.

आणि मग तुमचं नवं पाकीट आलं. एरवी कधी वेळेत न येणारं, वेळेत. आईने उचललं, पुसलं, वाचलं. ओठ हलले नाहीत. ते घेऊन ती माझ्यासमोर आली.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "ह्यांचं कुठाय?"

"आई, मी सांगितलं ना. त्यांचं बंद झालं."

"ह्यांना आता कोणाचंच काही येणार नाही?"

मी तिच्या हातातलं पाकीट घेऊन उलटसुलट केलं.

"नाही, तसं काही नाही," ती म्हणाली, जणू मीच दुखावलो होतो. "सगळ्यांना कळवलं होतंस तू. बँकेला, शाळेला. करावंच लागतं. पण एक हे राहिले होते. पाकीट आलं की मला वाटायचं, चला, एका ठिकाणी अजून कळलेलं नाही."

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. मागे बायको उभी होती. ती मला काहीही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी चपला खाली आणल्या, खुर्ची ठेवली, पेल्यात पाणी भरलं. मग रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, पुठ्ठा तर कधीच गेला कारखान्यात, आता त्याचे खोकेही झाले असतील. 'खोकला', 'डुलकी', 'गोड बोलणारी', 'बघतो'. कुठल्या तरी घरी त्यातून पंखे नाहीतर बूट पोचले असतील. तिथून तुमच्या कचेरीत आलो आणि काचेपुढे वाकलो.

"नाव परत लावायचंय."

"कोणाचं?"

"वडिलांचं."

"ते वारले ना?"

"हो."

आयुष्यात पहिल्यांदा भांगाने मान वर केली. पन्नाशीचा, थकलेला चेहरा आहे त्याचा. "मयताच्या नावाने जोडणी देता येत नाही हो."

"तुम्ही देतच होतात."

"आम्हाला माहीत नव्हतं तोवर."

"मग माहीत नसल्यासारखं करा. बाकी सगळ्या बाबतीत करताच की."

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "साहेबांना लिहून बघा. माझ्या हातात नाही."

म्हणून हे लिहिलं, साहेब. मला मोठ्या शाळांतलं लिहिता येत नाही. जे आलं ते तुमच्यासारख्यांना अर्ज करकरून आलं. नळ तोडायचा तर तोडा, आम्ही कोपऱ्यावरून पाणी भरून आणू. मागणी एकच आहे, आणि तिला उत्तर हवंय. शिपायाच्या तोंडी नको, खिडकीतून नको, टपालाने हवंय. नियमात बसत नाही म्हणून नकार द्या, वाट्टेल ती कलमं लावा, दोन ओळींत माझी अक्कल काढा, काहीही चालेल. मी तो कागद वाचणारसुद्धा नाही. फक्त पाकिटावर माझं नाव घालू नका. त्यांचं घाला, आणि दाराखालून सरकवा. एवढं तरी कराल का, सांगा.